घड्याळाची बाकी भरण्याआधी खातं तपासा: माझे 30,250 युरो कसे गेले

आधी आकडा सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. 30,250 युरो. त्यातले 28,310 घड्याळाची बाकी म्हणून गेले आणि 1,940 ‘विमा व कस्टम्सची अनामत’ म्हणून. घड्याळ आलेलं नाही.

प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच आहे. कोणाचा तरी मेल फुटतो, चोर आत बसून सगळा पत्रव्यवहार निवांत वाचतो आणि बिलाची वेळ आली की खऱ्याच्या आधी स्वतःचं बिल पुढे सरकवतो. अशा बातम्या वाचून ‘कोण फसतं बुवा याला’ असं मीही म्हणायचे.

घड्याळ 99 नगांच्या आवृत्तीतलं, एका लहान स्विस कारखान्याचं. नाव लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. किंमत 38,500 फ्रँक. बुकिंगला 30 टक्के, म्हणजे 11,550 फ्रँक भरले, ते त्यांच्या खऱ्या खात्यात पोचले, पावती आली, मला 41 नंबर मिळाला. उरलेले 26,950 फ्रँक घड्याळ तयार झाल्यावर द्यायचे होते.

‘वस्तू हातात नसताना पैसे दिलेच कशाला’ हे मला आता घरातल्यांपासून सगळे ऐकवतात. अहो, या धंद्याची रीतच ती आहे. पॅरिसचा नामांकित घड्याळजी अब्राहाम-लुई ब्रेगेने अठराव्या शतकाच्या शेवटी एका काट्याची घड्याळं किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ घेऊन विकली. आजच्या काळातला घड्याळजी फ्रान्सवा-पोल जूर्न, त्याची पहिली 20 टूर्बियाँ (फिरत्या पिंजऱ्याच्या यंत्राची घड्याळं) 1999 मध्ये अशाच आगाऊ पैशांवर उभी राहिली. वर्षाला मोजके नग करणाऱ्याकडे भांडवल असतं कुठे? आगाऊ द्यायचे नसतील तर दुकानातलं तयार घड्याळ घ्यावं आणि गप्प बसावं. तेव्हा त्या 11,550 बद्दल मला कोणी शहाणपण शिकवू नये.

लफडं पुढचं आहे. डिलिव्हरीची तारीख एकदा पुढे गेली, मग परत गेली. डायल करणाऱ्याकडे काम अडकलंय, असं कारण. वाट बघणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप होता. तिथे रोज कोणीतरी विचारायचं, ‘काही कळलं का?’ आता वाटतं, चोराला आमचे मेल वाचायचीही गरज नव्हती. ग्रुपवर आम्ही आपापले नंबर, भरलेली रक्कम, बाकी रक्कम सगळं उघड मांडून ठेवलं होतं. हे करू नका. आपला नंबर, आपलं बिल, पावतीचा फोटो, काही म्हणजे काही ग्रुपवर टाकू नका.

पण माझ्या बाबतीत मेलही वाचले गेले होते, कारण बाकी मागायला आलेल्या खोट्या मेलमध्ये माझ्या मनगटाचं माप होतं. 152 मिलीमीटर. माझं मनगट बारीक, म्हणून पट्टा आखूड करून द्या असं मी पूर्वी लिहिलं होतं. ‘पट्टा 152 मिलीमीटरच्या मनगटाप्रमाणे बसवला आहे, तुमचा नंबर 41 तयार आहे’ असं त्यात लिहिलेलं. खाली आमची जुनी पत्रं जशीच्या तशी जोडलेली, सही तीच, लिहिण्याची ढब तीच. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवून टाकले होते. फोनच्या पडद्यावर ते दोन्ही एकसारखे दिसतात. विश्वास नसेल तर स्वतः टाइप करून बघा आणि मग मला हसा.

बिलात म्हटलं होतं की फ्रँकच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, म्हणून या खेपेला युरोत आणि दुसऱ्या खात्यावर भरा. सात दिवसांत रक्कम आली नाही तर नंबर वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या माणसाला जाईल. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात ‘एलटी’ने होती. ‘एलटी’ म्हणजे लिथुएनिया. स्विस खातं ‘सीएच’ने सुरू होतं आणि 21 अक्षरांचं असतं, हे 20 अक्षरांचं होतं. हे सगळं मला आज पाठ आहे. त्या दिवशी मी आकडे चुकू नयेत म्हणून एकेक अक्षर बोट ठेवून उतरवून घेतलं, आणि पहिल्या दोन अक्षरांवरून बोट तसंच पुढे गेलं.

तरी तेही सोडा. खातं बदलू शकतं, कंपन्या बँका बदलतात. माझा जीव जळतो तो फोटोपायी.

मेलसोबत ‘तुमच्या घड्याळाचा’ फोटो होता. कामाच्या टेबलावर ठेवलेलं, डायलवर खाली बारीक अक्षरांत 41/99. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 58 नंबरवाल्या सभासदाने त्याचा फोटो टाकला. मी दोन्ही मोठे करून बघितले. काट्यांच्या कडा कशा घासल्यात, डायलवरची नक्षी कशी उतरलीय, हे बघण्यात दहा मिनिटं तरी घालवली असतील. आणि दोन्ही घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन्हींत सेकंदकाटा 35 वर. काचेवर उजेडाची तिरपी रेघ एकाच जागी. जाहिरातीत काटे दहा-दहावर ठेवतात, म्हणजे मधलं नाव झाकलं जात नाही, हे घड्याळं जमवणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कारखान्यात तपासणीला लावलेलं घड्याळ चालू असतं, ते जाहिरातीतल्या वेळेवर कशाला थांबेल? एकाच चित्रावर नंबर बदलून चिकटवले होते. आणि मी 58 वाल्याच्या फोटोखाली ‘अभिनंदन, दिसतंय झकास’ असं लिहून अंगठा टाकला. ते अजून तिथे आहे. कोणीतरी मुद्दाम वर काढतं.

पण मला सांगा, ज्या वस्तूची माणूस वर्षानुवर्षं वाट बघतो, ती समोर दिसल्यावर तो त्यात वेळ काय झाली हे बघतो का? ग्रुपवर इतकी जाणकार मंडळी होती, एकालाही दिसलं नाही.

28,310 गेले. मग 1,940 ची मागणी आली, ‘पार्सल हातात पडल्यावर परत मिळतील’ या बोलीवर. 28 हजार अडकलेले असताना दोन हजारांसाठी कोण अडून बसतं? तेही भरले. त्यानंतर कारखान्याचं खरं पत्र आलं की डायल अजून मिळालेल्या नाहीत, क्षमस्व.

बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने पडदा बघितला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे तुम्हीच पाठवलेत.’ मी पाठवले नाहीत असं मी कधी म्हटलं? मी म्हणतेय की खातेदाराचं नाव म्हणून मी कारखान्याचं नाव लिहिलं होतं आणि खातं भलत्याचंच होतं, मग तुम्ही काय बघितलंत? तर म्हणे परदेशी रक्कम नंबरावर जमा होते, नाव जुळवलं जातंच असं नाही. मग तो नावाचा रकाना फॉर्मवर शोभेला ठेवलाय का? रक्कम परत मागवायचा अर्ज केला, त्याचे 40 युरो वेगळे कापून घेतले. उत्तर आलं की पैसे परत करायला समोरच्या खातेदाराची संमती लागते. चोराची संमती! संमतीची वाट बघत मी बसायचं, आणि तोवर खातं रिकामं.

पोलिसांचं काय सांगू. पहिला प्रश्न, ‘एका घड्याळाचे एवढे?’ दुसरा, ‘घरच्यांना माहीत होतं का?’ पुरुष तक्रारदाराला कधी विचारलाय हा प्रश्न? तक्रार घेताना साहेबांचं म्हणणं पडलं की पैसे ज्या देशात गेले तिथे गुन्हा घडला. तिथे मेल केला तर उत्तर आलं की तुम्ही राहता तिथल्या पोलिसांकडे जा. ते उत्तर छापून घेऊन पुन्हा ठाण्यात गेले तर साहेब बदलले होते, नव्याने सगळं सांगा. मधल्या काळात एक पत्र मात्र तत्परतेने आलं, तक्रार अर्जावर सही निळ्या शाईत नाही म्हणून.

आणि कारखाना. त्यांच्याच बाजूने मेल फुटला असावा, कारण 58 वाल्याशीही त्यांचीच पत्रं होती आणि ती चोराकडे होती. त्यांनी हात वर केले. बाकी आम्हाला मिळालेली नाही, म्हणजे तुम्ही भरलेली नाही. वेळेत भरली नाही तर करारातल्या कलमानुसार 11,550 सुद्धा जप्त. विमा कंपनीकडे विचारलं तर जे घड्याळ कधी ताब्यात आलंच नाही त्याचा विमा कसला, असं उत्तर.

तेव्हा ज्यांची बाकी अजून भरायची आहे त्यांनी कारखान्याला फोन करा. मेलमधल्या नंबरावर नको, बुकिंगच्या पहिल्या कागदावर जो नंबर आहे त्यावर. खातं बदललंय असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा, मग कारण कितीही पटो. ‘आधी एक युरो पाठवून बघते’ हा उपाय करू नका, चोर तो मिळाल्याची पावती हसत देतो. पैसे गेलेच तर शाखेत रांग लावू नका, बँकेच्या फसवणूक विभागाला त्याच तासात फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लेखी घ्या. मी शाखा उघडायची वाट बघितली, त्यात रात्र गेली. फोटो आला तर कारखान्याला सांगा की आजची तारीख कागदावर लिहून घड्याळाशेजारी ठेवा आणि व्हिडिओ कॉलवर दाखवा. खऱ्याला त्यात काही जड नाही.

आता नवे फोन सुरू झालेत. ‘आम्ही तुमचे पैसे सोडवून देतो, दहा टक्के आधी भरा.’ बोलणाऱ्याला माझा नंबर 41 माहीत होता, 28,310 हा आकडाही माहीत होता. म्हणजे आमची यादी पुढे विकली गेलीय. 58 वाल्याने त्यांना 900 युरो भरले, मला काल सांगितलं. बाकीच्यांनी त्यांचा फोन घेऊ नका.