साखर की तेल? द्राक्षं आणि तर्रीच्या निमित्ताने

नाशिकची द्राक्षं आणि नाशिकचीच मिसळ. एकीत साखर, दुसरीच्या तर्रीत तेल; शरीराची ही दोन मुख्य इंधनं. त्यांतलं सरस कुठलं, हा प्रश्न. शरीरातले बाकीचे मोठे रेणू मुख्यतः दुसरी कामं करतात: प्रथिनं बांधणी आणि विकरांचं (रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या एन्झाइमांचं) काम बघतात, न्यूक्लिक आम्लं (डीएनए, आरएनए) आनुवंशिक माहिती सांभाळतात; त्यांना तूर्त बाजूला ठेवू.

द्राक्षातलं ग्लुकोज पचवावं लागत नाही, ते आतड्यातून थेट रक्तात जातं. घाईच्या कामाला तेच हवं. पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढताना ऑक्सिजन कमी पडला, तरी स्नायू ग्लुकोज मोडून ऊर्जा काढतात. तेलाला ही सोय नाही. तांबड्या रक्तपेशींचं तर ग्लुकोजवाचून पानही हलत नाही, कारण त्यांच्यात तंतुकणिकाच (ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारे पेशीतले भाग, मायटोकॉन्ड्रिया) नसतात.

साठवणीत मात्र तेल सरस. १ ग्रॅम कर्बोदकातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्धातून ९. शिवाय ग्लायकोजेन (शरीरात साठवलेलं ग्लुकोज) पाणी धरून बसतं, चरबी जवळपास कोरडीच साठते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तेलात विरघळतात, आणि मिरचीचा तिखटपणाही. म्हणून तर्री जास्त झोंबते. (वर पाणी पिऊन उपयोग नाही, दही घ्या.)

ब्रह्मगिरी चढताना मी द्राक्षं नेईन. मिसळ खाली उतरल्यावर.