साकीनाक्याच्या गाळ्यात जिब क्रेन: आठ महिन्यांनंतर

आमचा छोटा गाळा आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि एक म्हातारं लेथ, काम सगळं मोल्ड-डायचं, म्हणजे धातूच्या साच्यांचं. तीनशे किलोचा डाय टेबलावर चढवायचा म्हणजे चेनपुली गर्डरला अडकवा, चार पोरं ढकलायला घ्या, अर्धा तास तिथेच जायचा. फेब्रुवारीत कंटाळून ५०० किलोची, ३ मीटर हाताची जिब (खांबाला किंवा भिंतीला आडवा हात, तो फिरवून वजन हलवायचं) बसवली, आता पावसाळाही काढला म्हणून लिहितोय.

आधी भिंतीवरचीच घेणार होतो, स्वस्त पडते, जमिनीवर जागा खात नाही. ती साधारण १८० अंश फिरते, तेही चाललं असतं. पण ओळखीतल्या एका स्ट्रक्चरवाल्या काकांनी कागदावर हिशेब मांडला, हाताच्या टोकाला ५०० किलो, लांबी ३ मीटर, वरच्या-खालच्या ब्रॅकेटमध्ये अंतर १ मीटर, म्हणजे वरचा ब्रॅकेट दीड टनाने भिंतीतून बाहेर खेचला जाणार, होइस्टचं (वजन उचलणारं चेनचं यंत्र) आणि हाताचं वजन अजून धरलंच नाही. आणि आमची भिंत विटांची! आरसीसी कॉलम किंवा स्टीलचा खांब असेल तरच त्या वाटेला जा.

मग खांबावाली घेतली, ही पूर्ण ३६० फिरते. पायासाठी सव्वा मीटर चौरस खड्डा, सोसायटीची परवानगी काढण्यातच तीन आठवडे गेले (सेक्रेटरींना वाटलं आम्ही बोअरिंग मारतोय). बसवणाऱ्याला घाई, काँक्रीट ओलं असतानाच खांब उभा करायला आला, त्याला परत पाठवलं. तरी घोळ झालाच. लोड अर्ध्यात सोडला की हात आपोआप लेथच्या बाजूला सरकायचा, आणि मशीनवर काम करणारा पोरगा खाली वाकलेला असताना असं झालं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. ओळंबा लावला तर खांब वाकडा. बेसप्लेटखालचे नट फिरवून खांब सरळ केला, परत खालच्या फटीत ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) भरलं, तेव्हापासून हात जिथे सोडू तिथे थांबतो. विकणाऱ्याने मात्र फोन उचलला नाही.

आता डाय दहा मिनिटांत चढतो, एक माणूस पुरतो, फिरवणं हातानेच, मोटरची गरज वाटली नाही. फिरण्याला स्टॉपर मात्र लावून घ्या, नाहीतर हुक थेट व्हीएमसीच्या काचेवर. शेजारच्या गाळ्यात कोपरासारखा दुमडणारा हात आहे, कॉलमला वळसा घालून आत जातो, मस्त प्रकार, पण त्यांचे जॉब हलके आहेत.

जुलैत पेंडंटची (होइस्टच्या लोंबत्या रिमोटची) बटणं चिकटायला लागली आणि चेनवर गंज धरला, तेव्हापासून दर शनिवारी तेल. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागायची, आमची फेब्रुवारीत आहे, फाउंडेशन बोल्ट मात्र मी स्वतः महिन्याला पान्याने बघतो.