ऑटोपे चालू होतं, तरी व्याज लागलं

क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप भरलं जातं, पैसे कापल्याचा मेसेज येतो, दंड कधी लागत नाही. आणि वर्षभराने स्टेटमेंट नीट उघडून पाहिलं की इतके हप्ते भरूनही फारशी न उतरलेली थकबाकी समोर येते. बँकेत विचारायला गेलं की एकच उत्तर मिळतं, "तुम्हीच मिनिमम निवडलं होतं." कागदावर ते खरं असतं, म्हणून माणूस तिथेच गप्प होतो.

ऑटोपेच्या फॉर्मवर दोन चौकटी असतात, एक एकूण देय रकमेची आणि दुसरी किमान देय रकमेची. हा फॉर्म बऱ्याचदा कार्ड विकणारा प्रतिनिधीच भरतो आणि ग्राहक शेवटी सही करतो. ॲपवर तर एका स्क्रीनचा प्रश्न असतो आणि तिथे खूण आधीच केलेली असू शकते. किमान रक्कम ही साधारण बिलाच्या ५ टक्के धरली जाते. तेवढी वेळेवर गेली की उशिराचा दंड लागत नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं. व्याज मात्र चढत असतं.

हिशेब करून पाहा. ५ जूनला कार्डावर ४०,००० रुपयांची खरेदी झाली. २० जूनला बिल निघालं, भरण्याची शेवटची तारीख १० जुलै. ऑटोपेने त्या दिवशी किमान रक्कम म्हणजे २,००० रुपये भरले. व्याजाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आता बँक व्याज १० जुलैपासून धरत नाही, खरेदीच्या तारखेपासून धरते. ४०,००० वर ३५ दिवसांचं व्याज साधारण १,६११ रुपये. उरलेल्या ३८,००० वर पुढचं बिल निघेपर्यंतच्या १० दिवसांचं ४३७ रुपये. दोन्ही मिळून २,०४८, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६९. पुढच्या बिलावर आकडा येतो सुमारे ४०,४१७ रुपये. २,००० रुपये भरले आणि देणं ४०० रुपयांनी वाढलं, तेही नवीन काही खरेदी न करता.

असं होतं कारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत अटीवर मिळते. आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच ती लागू. एक रुपया बाकी ठेवला तरी ती मुदत जाते, आणि जुलैमध्ये केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. किमान रक्कम भरणाऱ्याला हा दुसरा फटका सहसा कळतच नाही, कारण स्टेटमेंटवर व्याज एकाच ओळीत येतं; कोणत्या खरेदीवर किती दिवसांचं, ते तिथे लिहिलेलं नसतं. ही फोड ईमेलवर मागा. फोड हातात आली की बऱ्याच गोष्टी उघड होतात.

मिनिमम बदलून पूर्ण रक्कम केली तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. बदल सहसा पुढच्या बिलापासून लागू होतो, त्यामुळे चालू बिल हाताने भरावं लागतं. आणि सगळं भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसेल. ते बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. ती चूक नाही, पण त्याच्या पुढच्या बिलात पुन्हा दिसलं तर जाब विचारा.

रिझर्व्ह बँकेचे कार्डासंबंधीचे निर्देश ग्राहकाच्या बाजूचे आहेत आणि ते काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच उशिराचा दंड लावता येतो, आणि तोही बाकी राहिलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. न भरलेला दंड, शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला मनाई आहे. कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि काही देणं बाकी नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. नाही झालं तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. मात्र तीन दिवसांची ही सवलत दंडापुरती आहे. व्याजाला ती लागू नाही, हे पक्कं लक्षात असू द्या.

आता कर्जाच्या हप्त्यांकडे. इथे ऑटो डेबिट एनएसीएच या बँकांमधल्या आपोआप वसुलीच्या यंत्रणेतून होतं आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते. "पाच तारीख रविवारी आहे, सोमवारी पैसे भरू" हा जुना हिशेब आता हप्ता बाउन्स करतो. पगार पाच तारखेला आणि हप्ताही पाच तारखेला, हीसुद्धा धोक्याची जोडी आहे. हप्त्याची मागणी आधी आली आणि पगार नंतर जमा झाला, तर त्या दिवशी खात्यात पैसे असूनही हप्ता परत जातो. हप्ता १२,५०० चा आणि शिल्लक १२,४९० असेल, तर १२,४९० कापले जात नाहीत. पूर्ण हप्ताच नाकारला जातो. मग तुमची बँक एक शुल्क घेते, कर्ज देणारी संस्था दुसरं घेते. काही संस्था त्याच महिन्यात पुन्हा मागणी पाठवतात, आणि ती बाउन्स झाली की हे सगळं दुसऱ्यांदा. शिवाय पुरेशी शिल्लक नसल्यामुळे हप्ता परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. पैसे आदल्या दिवशी खात्यात हवेत, आणि बँकेची स्वतःची शुल्कं कापली गेली तरी हप्ता निघेल इतके जास्तीचे हवेत.

मँडेट म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला आपण दिलेली मंजुरी. त्यावर सही करताना तीन जागा वाचा: कमाल रक्कम, वारंवारता आणि शेवटची तारीख. हप्ता १२,५०० चा असताना कमाल रक्कम त्याच्या दुप्पट लिहिलेली आढळते. वारंवारतेत "दरमहा" ऐवजी "मागणी येईल तेव्हा" ही चौकट भरली की महिन्यातून कितीही वेळा हात घालायची मुभा दिली जाते. शेवटची तारीख कर्जाच्या मुदतीपुढची लिहिली (जुन्या फॉर्मवर "रद्द करेपर्यंत") की कर्ज फिटल्यावरही मँडेट जिवंत राहतं. कर्ज संपल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला घेतात, पण मँडेट रद्द करायचं राहूनच जातं. प्रत्येक मँडेटला ओळखीसाठी वीस अक्षरांचा यूएमआरएन क्रमांक असतो. तो लिहून, आपल्या बँकेत आणि संस्थेकडे दोन्हीकडे रद्द करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. ही पोच महत्त्वाची, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार बँकेत मँडेट रद्द केल्यावरही पैसे कापले गेले, तर जबाबदारी तुमच्या बँकेची. पुढच्या दिवसापर्यंत निपटारा व्हायला हवा, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

कार्ड आणि यूपीआयवरच्या वर्गण्यांचं (सबस्क्रिप्शनचं) दुखणं वेगळं. "पहिला महिना १ रुपया" म्हणून पिन टाकून घेतात, पण त्या पिनने मंजुरी दिलेली असते मोठ्या कमाल रकमेच्या मँडेटला. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या कापणीला पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा १ लाख रुपये आहे. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येणं बंधनकारक आहे. तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवू देऊ नका, कारण ती कापणी थांबवण्याची सोय त्याच वेळी असते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या सदरात गेलं की चालू असलेल्या सगळ्या मंजुऱ्या एका जागी दिसतात. नुसतं ॲप काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही.

कर्जाच्या व्याजातली सगळ्यात चीड आणणारी पद्धत तारखेची आहे. कर्ज मंजूर झालं, करारावर सही झाली, चेकवर तारीख पडली, पण चेक ग्राहकाच्या हाती आला बारा दिवसांनी. २० लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी रोजचं व्याज ४९३ रुपये होतं. बारा दिवसांचे जवळजवळ ५,९०० रुपये, न वापरलेल्या पैशांचे. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नेमक्या याच प्रकारावर बोट ठेवलं. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं, महिन्याच्या मध्ये पैसे दिले वा फेडले तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेणं, एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेऊनही व्याज पूर्ण कर्जावर मोजणं, हे सगळं तिथे अनुचित म्हटलं आहे आणि जादा घेतलेलं परत करायला सांगितलं आहे. तुमच्या कर्जाच्या खातेउताऱ्यात पहिल्या व्याजाची तारीख आणि तुमच्या किंवा विक्रेत्याच्या खात्यात पैसे आल्याची तारीख शेजारी ठेवून पाहा.

हप्त्यापेक्षा जास्त पैसे भरतानाही जपा. गृहकर्जाच्या खात्यात ऑनलाइन ५०,००० टाकले म्हणजे मुद्दल तेवढं कमी झालं, असं गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांसाठीची आगाऊ जमा म्हणून पडून राहते, आणि व्याज पूर्ण मुद्दलावर चालूच. "ही रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं लेखी द्या आणि आठवड्याने नवा परतफेड तक्ता मागा. त्यात मुद्दल उतरलेलं दिसलं तरच काम झालं.

पैसे एनईएफटीने पाठवले असतील तर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक जपून ठेवा. दर अर्ध्या तासाला बॅच सुटते, चोवीस तास, आणि बॅचनंतर दोन तासांत समोरच्या बँकेने रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची असते. उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक २ टक्के या दराने व्याज ग्राहकाला देणं आहे, तेही त्याने न मागता. "सिस्टिममध्ये अडकलंय" असं सांगितलं गेलं तर यूटीआर देऊन जमा झाल्याची नेमकी वेळ लेखी विचारा.

तक्रार फोनवर करून थांबू नका. ईमेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन शिक्का घ्या. त्यात तारीख, रक्कम, यूएमआरएन किंवा यूटीआर आणि किती पैसे परत हवेत तो आकडा लिहा. तुमच्या मंजुरीशिवायच पैसे गेले असतील आणि त्यात चूक ना तुमची ना बँकेची, तर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवलं तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. बाकीच्या तक्रारींना बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार ऑटो डेबिटची असेल तर अर्जासोबत मँडेटची प्रत जोडा. ती तुमच्याकडे नसेल तर आजच बँकेला मागा.