‘हायब्रीड’ किट, काळी पट्टी आणि माझे ५४,६०० रुपये

आमच्याकडं हायब्रीड म्हटलं की आधी ज्वारी आठवते. सीएसएच-१ हे ज्वारीचं संकरित वाण आलं १९६४ साली, माझा जन्मही नव्हता तेव्हा; पण बाबा आजही भाकरीचा तुकडा मोडताना विचारतात, “हायब्रेटची हाये का?” पुढं कापसातही हायब्रीड सरकी आली आणि या शब्दाची घराघरात सवय झाली. सवयीसोबत सावधपणाही आला. बियाण्याची पिशवी आम्ही खालून फोडतो, म्हणजे वरचं लेबल अन् टॅग शाबूत राहतो. मूठभर दाणे, रिकामी पिशवी आणि पक्की पावती हंगाम संपेपर्यंत आड्याला टांगलेली असते. उगवलं नाही तर पंचनाम्याला तेच लागतं.

एवढी अक्कल असलेल्या माणसानं २९,५०० रुपयांचं ‘हायब्रीड किट’ बिनपावतीचं घेतलं. तो माणूस मी.

राळेगाव तालुक्यात नऊ एकर कोरडवाहू आहे. गाडी २०१६ ची, पेट्रोल, सेकंडहँड. आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, पेट्रोल शंभरीपार गेलेलं. जानेवारीत एका कृषी प्रदर्शनात मळणी यंत्रांच्या रांगेच्या टोकाला एक टेबल दिसलं. टेबलावर गाडीची बॅटरी, स्टीलच्या पत्र्यांचा एक चौकोनी डबा आणि पाण्याची पारदर्शक बाटली. विक्रेत्यानं डब्यातून आलेली नळी साबणाच्या पाण्यात धरली, फेस आला, तो तळहातावर घेतला आणि लायटर लावला. फट्ट! पोरं मागं सरकली, म्हातारे हसले. “पाणी जळून राह्यलं, भाऊ. हेच तुमच्या इंजिनात जाईल. पेट्रोल प्लस हायड्रोजन, म्हणून हायब्रीड. ३५ टक्के बचत. दोन तासात घरीच बसवा, व्हिडिओ पाठवतो.”

फट्ट खरं होतं, तेवढं कबूल करतो. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, काडी लावली की पुन्हा एक होतात. खोटं त्याच्या पुढं सुरू होतं, आणि ते मला त्या दिवशी विचारता आलं नाही. अजून एक. बाजारात खरी हायब्रीड म्हणून विकली जाते तिच्यात विजेची मोटर इंजिनाला हात देते, ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत भरली जाते. या डब्यात मोटर नव्हती. नुसतं नाव हायब्रीड.

किट मी अन् भाच्यानं अंगणात बसवलं. डब्यात डिस्टिल्ड वॉटर आणि सोबत आलेली पांढरी कॉस्टिक पोटॅशची पूड (खताचं पोटॅश नव्हे), एक नळी इंजिनाच्या व्हॅक्यूम पाइपाला टी मारून, दोन वायरी थेट बॅटरीवर. सोबतच्या कागदावर सूचना होत्या: टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा, एअर फिल्टर नवा टाका, एसी बंद, ६० च्या वर जाऊ नका. पहिल्या टाकीला अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं. मी गावभर सांगत सुटलो. त्या चार सूचना पाळल्या तर किट न लावताही अ‍ॅव्हरेज वाढतंच, हे डोक्यात आलं नाही. बायकोच्या मात्र आलं होतं. “एसी बंद ठेवून तं बैलबंडीबी परवडते,” असं ती म्हणाली होती.

तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं. माझ्याकडं मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर होता, स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावला तर कोड निघाला पी-०१७१. म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त अन् पेट्रोल कमी. मी काय केलं? ‘क्लिअर’ दाबलं. दिवा गेला. तीन दिवसांनी परत आला. पुन्हा क्लिअर. असं चारदा. कोड पुसला की गाडीच्या कम्प्युटरची स्मरणवही कोरी होते, तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्या पूर्ण होईपर्यंत दिवा शांत राहतो. बिघाड तिथंच असतो. आमच्या बाबतीत तो टी मारलेल्या जागी होता. जोड सैल होता आणि तिथून हवा चोरवाटेनं आत जात होती.

विक्रेत्याला फोन केला. “गाडीले नवीन इंधन समजून नाही राह्यलं, भाऊ. कम्प्युटरले शिकवा लागते.” शिकवायची डबी ६,५०० रुपये. कुरिअरनं आली, काडेपेटीएवढी काळी डबी, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत तोडून जोडायची. जोडली. दिवा विझला आणि महिनाभर लागलाच नाही. मी त्याला आभाराचा मेसेजही पाठवला. तो मेसेज आता तक्रारीच्या कागदांत माझ्याच विरोधात उभा आहे.

ही डबी काय करते ते इथं नीट सांगतो, कारण खरी मेख हिच्यात आहे. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये वरखाली होत असतो. कमी व्होल्ट म्हणजे पेट्रोल कमी, जास्त म्हणजे जास्त. डबी त्या आकड्यात आपलं थोडं मिसळते. व्यापारी काटा मारतो ना, तसंच, फक्त उलट्या बाजूनं. कम्प्युटरला वाटतं पेट्रोल जास्त झालंय, तो कमी करतो. दिवा विझतो, इंजिन मात्र उपाशी अन् गरम चालायला लागतं. विदर्भातल्या एप्रिलमध्ये.

एप्रिलच्या शेवटी बॅटरीचं लाल चित्र लागलं. हे लाल चित्र फक्त बॅटरीचं नसतं, चार्जिंग होत नाही असं सांगणारं असतं. पुन्हा फोन. या वेळी “आमचा टेक्निशियन पाठवतो”, भाड्यासकट २,००० रुपये. मोटरसायकलवर एक पोरगा आला, पाणी मागितलं, मग चहा मागितला. मी घरात गेलो. बाहेर आलो तर मीटरचं प्लास्टिक परत बसवून पेचकस खिशात टाकत होता.

“काय होतं?”

“वायर लूज होती, काका. पाहा, लाइट गेला का नाही?”

गेला होता.

मे महिन्यात आईला घेऊन सेवाग्रामहून परत येत होतो. देवळी सोडली, अंधार पडला, हेडलाइट लावले. गरमी इतकी की आईसाठी एसीही लावला. थोड्या वेळानं हेडलाइट पिवळट वाटायला लागले. मला वाटलं काचेवर किडे. मग ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला. मग स्टीअरिंगचं चित्र, आणि स्टीअरिंग दगडासारखं जड. इंजिनाचं पिवळं चित्र आता लुकलुकत होतं. लुकलुकणं म्हणजे सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, गाडी चालवूच नये; हे मला नंतर कळलं. वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडं इंजिन गेलं. सगळं डॅशबोर्ड यात्रेतल्या पाळण्यासारखं उजळलेलं, एक दिवा सोडून. बॅटरीचा लाल दिवा शेवटपर्यंत लागला नाही.

मागून ट्रक सुसाट येत होते. आईला खाली उतरवून कडेच्या बाभळीजवळ बसवलं. ती एवढंच म्हणाली, “तुया बापानं बैलाले कधी अर्ध्या रस्त्यात नाही सोडलं.” पाऊण तासानं एक छोटा हत्ती टेम्पो थांबला, दोर बांधला आणि कळंबपर्यंत ओढत नेलं.

सकाळी कळंबच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधी एक गोष्ट केली. चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावली, चाबी फक्त ‘ऑन’ला फिरवली, स्टार्ट नाही, आणि बोटानं डॅशबोर्डवरचे दिवे मोजायला लागला. इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल, स्टीअरिंग. “बॅटरीचा कुठी हाये?” या वेळी प्रत्येक दिवा क्षणभर तरी लागायलाच हवा, गाडी आपले दिवे स्वतःच तपासते ती. त्यातला एखादा लागलाच नाही तर तो दिवा मेलाय किंवा कोणीतरी मारलाय. त्यानं मीटर काढलं. लाल चित्राच्या मागं इन्सुलेशन टेपचा काळा तुकडा, कात्रीनं नीट चौकोनी कापलेला. पिवळ्या पडलेल्या ट्यूबलाइटखाली मिस्त्रीनं तो नखानं सोलून माझ्या तळहातावर ठेवला. दोन हजारांचा तुकडा. अजून जपून ठेवलाय, सरकीच्या पिशवीसोबत आड्याला.

बाकी काम त्यानं सावकाश केलं. आधी स्कॅनरवरचे कोड वहीत उतरवले: पी-०१७१, पी-०३०० म्हणजे मिसफायर, पी-०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. माझा हात क्लिअरकडं गेला तसा तो खेकसला, “काहून पुसून राह्यले? हेच तं साक्षीदार हायेत.” मग किटची वायर काढली. त्या वायरीला फ्यूज नव्हता, आवरण वितळून बॅटरीच्या पट्टीला चिकटलं होतं. मल्टिमीटर लावला. चांगली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.४ मध्ये जायला हवा. आमचा रेस देऊनही १२.१. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड गेलेले. तो डबा चालू असेपर्यंत १८ अँपिअर सतत ओढत होता, उन्हात, वर हेडलाइट अन् एसी.

“एवढे दिवे पाहून घाबरू नका,” मिस्त्री म्हणाला. “या सगळ्याइचा बाप एकच, व्होल्टेज. ते पडलं की एबीएसबी रडते अन् स्टीअरिंगबी.”

प्लग काढले तर टोकं खडूसारखी पांढरी. उपाशी इंजिनाची खूण. डब्याखाली पोटॅशचं पाणी ठिबकून गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमवर खड्डे पडले होते. पोटॅश अ‍ॅल्युमिनियम खातं. मी बोट लावलं, साबणासारखं बुळबुळीत लागलं. मिस्त्रीनं हात धरून थेट नळाखाली नेला. ती बुळबुळ म्हणजे आपलीच कातडी विरघळते, म्हणाला. ती पूड आमच्या घरी दोन महिने साखरेच्या डब्याशेजारी होती.

बचतीचा हिशोब मी घरी लाइट बिलाच्या भाषेत मांडला. ६० च्या वेगानं १८ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर तासाला सव्वातीन लिटर पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला तीस युनिट. किटनं घेतलेली वीज: १८ अँपिअर गुणिले साडेतेरा व्होल्ट, तासाला पाव युनिट. ती सगळीच्या सगळी हायड्रोजन झाली असती तरी तिसात पाव, टक्काभरही नाही. आणि तो पाव युनिट फुकटचा नाही. अल्टरनेटर फिरवायला इंजिनानं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल आधीच जाळलेलं असतं. स्वतःच्याच विहिरीतून पाणी काढून स्वतःच्याच विहिरीत ओतायचं, अन् डिझेलचा खर्च वर.

अल्टरनेटर ७,८००, बॅटरी ५,२००, प्लग-वायरिंग-मजुरी ३,६००. त्याआधीचे ३८,०००. एकूण ५४,६००. त्या हंगामात आमचा कापूस सात हजारांच्या आसपास गेला, म्हणजे पावणेआठ क्विंटल. वेचणीची मजुरी वेगळी.

कायद्याचं मला आधी काहीच माहीत नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या तपशिलात आपल्या मनानं बदल करता येत नाही. हायब्रीड किट बसवायचं असेल तर ते पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेनं पास केलेलं हवं, अधिकृत माणसानंच बसवलेलं हवं आणि आरसी बुकवर आरटीओची नोंद हवी. नाहीतर कलम १८२-अ खाली मालकालाच प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. पुलाजवळ त्या रात्री मागून ट्रकनं ठोकलं असतं तर विमा कंपनीनं पहिला फोटो त्या डब्याचाच काढला असता. “घरीच बसवा” असं सांगणाऱ्याकडं मंजुरीचा क्रमांक मागा. तो विषय बदलेल.

पैसे मी यूपीआयनं दिले, ते एका माणसाच्या खासगी खात्यात गेले. जीएसटी बिल नाही. माझ्याकडं आहे ते एवढं: यूपीआयच्या नोंदी, त्याचे आवाजी मेसेज, टेपचा तुकडा, कोड लिहिलेली वही आणि मिस्त्रीची पक्की पावती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. आता यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती देता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याचा नंबर मात्र बंद आहे.

मागच्या आठवड्यात भाच्यानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. तेच टेबल, तोच फेस, तीच फट्ट. नाव नवीन, किंमत ३४,५००, ‘बीएस सिक्स गाड्यांसाठी खास’. आणि खाली ठळक अक्षरात: ‘लाइट येणार नाही याची लेखी गॅरंटी’.