नवा संगीतप्रकार ऐकायचाय: आख्खा अल्बम, निवडक गाणी की लाइव्ह रेकॉर्डिंग?

"जॅझ ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की गाण्याच्या शौकिनांत लगेच तीन तट पडतात. एक म्हणतो, अमुक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक, मध्ये उठायचं नाही. दुसरा म्हणतो, एवढं कशाला, ही गाजलेली दहा गाणी घे आणि आवडली तर पुढे जा. तिसरा दोघांनाही मोडीत काढतो, कारण त्याच्या मते लाइव्ह ऐकल्याशिवाय काही कळतच नाही. तिघांचंही बरोबर असतं, पण ज्याच्या त्याच्या आवडत्या संगीतप्रकारापुरतं. नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं आणि नवखा माणूस चुकीच्या टोकापासून सुरुवात करून "हे आपल्यासाठी नाही" असं ठरवून मोकळा होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा कौल आधीच देऊन टाकते. संगीत ज्या मापात घडलं, त्याच मापात ते पहिल्यांदा ऐकावं. हे माप बऱ्याचदा यंत्राने ठरवलेलं असतं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास संगीत मावायचं, म्हणून जे काही म्हणायचं ते तेवढ्यात आटपावं लागे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली, एका बाजूला एक गाणं; रेडिओला आणि नाणं टाकून गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सला हेच हवं होतं. १९८२ मध्ये सीडी आली आणि मर्यादा तासापलीकडे गेली. आता स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते ऐकलं गेलं असं धरतात, मग सुरुवातीलाच लांबलचक सुरावट ठेवायला पॉपवाले कचरतात यात नवल नाही.

तर आता तिन्ही वाटा एकाच गायकावर तपासून बघू.

बॉब मार्ली, तीन प्रकारे

रेगे, म्हणजे मार्लीच्या जमैकाचं संगीत, ऐकायचंय म्हटलं की बहुतेकजण 'लेजंड' हातात देतात. मार्ली १९८१ मध्ये गेला आणि १९८४ मध्ये हा संग्रह निघाला. चौदा गाणी, एकही पडेल नाही. रेगेची ती मागे रेलून चालणारी लय, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर गिटारची तुटक थाप, खाली बासचं जाड, गाणारं अंग. हे सगळं पहिल्या दोन गाण्यांत अंगात भिनतं. नवख्यासाठी यापेक्षा सोपी वाट नाही.

पण आता 'एक्झोडस' घ्या. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनमध्ये मार्लीच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातून वाचून तो लंडनला गेला आणि १९७७ मध्ये हा अल्बम आला. एलपीच्या पहिल्या बाजूवर पाच गाणी आहेत: धुमसणारी, धर्मग्रंथातल्या शापवाणीसारखी, अपराध्यांना नाव न घेता खडसावणारी. दुसऱ्या बाजूवर पाच गाणी प्रेमाची, नाचाची, धीर देणारी. 'लेजंड' काढणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूवरच्या पाचांपैकी चार उचलली आणि पहिल्या बाजूवरून फक्त शीर्षकगीत घेतलं. संग्रह ऐकणाऱ्याला गोड मार्ली मिळतो. अल्बम ऐकणाऱ्याला कळतं की तो धीर कुणी, कशातून बाहेर पडून दिलाय. "सगळं ठीक होईल" असं गाणारा माणूस पहिल्या बाजूवर काय काय बोलून आलाय हे माहीत असलं, की त्याच ओळी वेगळ्या वाटतात.

तिसरी वाट लाइव्ह. 'नो वुमन, नो क्राय' पहिल्यांदा आलं १९७४ च्या 'नॅटी ड्रेड'वर. तिथे ते चांगलं गाणं आहे, एवढंच. पुढच्या वर्षी लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये ते संथ, ऑर्गनच्या भरदार सुरावर, सोबत गाणाऱ्या गर्दीसह रेकॉर्ड झालं आणि जगाने ओळखलं ते हेच. 'लेजंड'वरही हाच लाइव्ह अवतार घेतलाय. दोन्ही पाठोपाठ लावून बघा. शब्द तेच आहेत, पण स्टुडिओतल्या गाण्यात एकटा माणूस आठवणी सांगतो, तर थिएटरमधल्या गाण्यात त्या आठवणी सगळ्यांच्या होऊन जातात.

मार्लीसाठी माझा क्रम असा: 'लेजंड' एकदाच, मग थेट 'एक्झोडस', आणि मग लायसियम. संग्रहावरच थांबू नका एवढीच विनंती.

निवडक गाणी केव्हा उजवी?

जिथे कलावंत गाणंच घडवत होते आणि अल्बम हा नंतर बांधलेला गठ्ठा होता, तिथे संग्रहच खरा. साठच्या दशकातलं मोटाउन घ्या. अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या या रेकॉर्ड कंपनीचा सगळा जीव तीन मिनिटांच्या सिंगलमध्ये, म्हणजे सुट्या गाण्याच्या तबकडीत होता. पहिल्या काही सेकंदांत पकड घेणारी सुरुवात, टाळ्यांचा नाहीतर खंजिरीचा ठोका, दुसऱ्या मिनिटाला चढलेला सूर आणि खेळ खलास. त्या काळच्या अल्बमवर एकदोन गाजलेली गाणी आणि बाकी बरीचशी भरती असायची. ही भरती ऐकत बसण्यात कसली निष्ठा? सरळ संग्रह घ्या. डिस्को, सुरुवातीचं रॉक अँड रोल, आजचं बरंचसं डान्स संगीत यांनाही हेच लागू.

आणि याच मोटाउनमधून १९७१ मध्ये मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला. नऊ गाणी, एकातून दुसरं निघणारी, मधली शांतता जवळजवळ पुसून टाकलेली, शेवटाला पुन्हा सुरुवातीची चाल. इथे एखादं गाणं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकलंत तर ते वाक्याच्या मध्येच सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणजे कंपनी तीच, गायकही तिथलाच, पण माप बदललं. शैलीच्या नावावर जाऊ नका, त्या माणसाने त्या वेळी काय घडवायला घेतलं होतं ते बघा.

जॅझमध्येही तेच. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची विसाच्या दशकातली रेकॉर्डिंग तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांसाठी केलेली आहेत. १९२८ च्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवात एकट्या ट्रम्पेटने होते, साथीला कुणी नाही, आणि त्या काही सेकंदांत तो जे बोलून जातो ते ऐकून थक्क व्हायला होतं. ही सुटी ऐकावीत, एका दमात वीस ऐकली तर कान थकतात.

अल्बम केव्हा?

१९५९ चा माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' मात्र एलपीच्या मापाचा आहे. पाच रचना, सुमारे पाऊण तास. पहिल्याच रचनेत, 'सो व्हॉट'मध्ये, बास एक ओळ टाकतो आणि पियानो दोन ठोक्यांत उत्तर देतो. मग त्या उत्तरात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सामील होतात. त्यानंतर एकेकजण आपलं म्हणणं मांडतो: आधी डेव्हिसचा ट्रम्पेट, कमीत कमी स्वरांत, मग कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, भरभरून, मग अ‍ॅडर्लीचा, खेळकर, मग बिल एव्हान्सचा पियानो, जवळजवळ कुजबुजत. नवख्याने फक्त एवढंच करावं: कोण बोलतोय ते ओळखायचं. जॅझ समजत नाही म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. पाचही रचना सलग ऐकल्या की ही माणसं ओळखीची होतात आणि शेवटच्या रचनेपर्यंत त्यांच्या गप्पांत आपण बसलेलो असतो. एकच रचना ऐकून हे होत नाही.

अल्बमच्या बाजूने सगळ्यात जोरदार साक्ष मात्र क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची. त्यांच्या १९७४ च्या 'ऑटोबान'चं शीर्षकगीत एलपीची आख्खी पहिली बाजू व्यापतं, २२ मिनिटांहून जास्त. रेडिओसाठी ते कापून साडेतीन मिनिटांच्या आत आणलं आणि ते गाजलंही. पण गाणं आहे महामार्गावरच्या प्रवासाचं. त्याच त्या ठेक्यावर मैलामागून मैल जाताना येणारी गुंगी हाच त्याचा विषय. कापलेल्या गाण्यात चाल उरते, प्रवास जातो. इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात लहान तुकड्यांनी करणाऱ्यांना ते "एकसुरी" का वाटतं, याचं उत्तर इथे आहे. एकसुरीपणाचा अंमल चढायला वेळ द्यावा लागतो.

अल्बमचा तोटाही खराच आहे. पाऊण तास एका जागी मिळणं अवघड, आणि सत्तर मिनिटांच्या सीडीच्या जमान्यात कित्येक अल्बम उगाच ताणले गेले. नव्वदच्या दशकातला लांबलचक अल्बम कुणी सुचवला तर आधी विचारा, यातलं वगळलं तरी चालेल असं काय आहे?

लाइव्ह केव्हा?

समोरच्या श्रोत्यांमुळे जे संगीत घडतं, त्याला लाइव्हच हवं. अमेरिकन सोल गायक जेम्स ब्राउनने ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम रेकॉर्ड केला, तोही पदरचे पैसे घालून, कारण जुन्याच गाण्यांचा लाइव्ह अल्बम कोण घेणार, असं त्याच्या कंपनीला वाटत होतं. १९६३ मध्ये तो निघाला आणि बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'लॉस्ट समवन' दहा मिनिटांहून लांब आहे, इतकं की एलपीवर ते दोन बाजूंत तोडावं लागलं. ब्राउन एक ओळ टाकतो, थांबतो, समोरून किंकाळी येते, तो तिलाच उत्तर देतो. गाणं म्हणून त्यात फारसं काही नाही. जे आहे ते त्या देवाणघेवाणीत. सोल आणि फंक म्हणजे काय हे अर्ध्या तासात कळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आपल्या शास्त्रीय गायनातल्या ख्यालाचंही तसंच. विलंबित बंदिश, हळूहळू होणारी बढत, समेवर येतानाची ओढ, तबलजीची आणि गायकाची नजरानजर, मध्येच कुणाची तरी न राहवून गेलेली दाद. यासाठी मैफलीचं रेकॉर्डिंगच घ्यावं, एलपीच्या वीस मिनिटांत बढतीला हात आखडता घ्यावा लागतो. पण म्हणून तीन मिनिटांच्या तबकडीला कमी लेखू नका. गौहर जान यांनी १९०२ मध्ये तेवढ्याच वेळेत गाऊन शेवटी आपलं नाव पुकारून ठेवलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 'पिया बिन नाही आवत चैन'च्या तबकडीने तर लहानग्या भीमसेन जोशींना वेड लावलं. ठुमरी त्या तीन मिनिटांत पुरती मावते. ख्याल मावत नाही. तुम्हाला स्वरांचं वेड लागायचं असेल तर जुनी ठुमरी आधी, मग निवांत संध्याकाळी तासाभराची मैफल.

लाइव्हचा धोका एवढाच की शब्द नीट ऐकू येत नाहीत आणि मूळ गाणं माहीत नसेल तर त्यात केलेले बदल कळत नाहीत. काही लाइव्ह अल्बमवर नंतर स्टुडिओत डागडुजीही केलेली असते. हेवी मेटल, पंक असं काही पहिल्यांदाच ऐकणार असाल तर स्टुडिओ अल्बमपासूनच सुरुवात करा.

रॅप, आणि शफलचं बटण

रॅपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे शब्दच सगळं काही आहेत आणि प्लेलिस्टमध्ये ते हरवतात. केंड्रिक लमारचा २०१७ चा 'डॅम' घ्या, ज्याला २०१८ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. चौदा गाणी आहेत. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस सगळं उलटं फिरल्याचा आवाज येतो आणि अल्बमच्या सुरुवातीची ओळ पुन्हा ऐकू येते. त्याच वर्षी त्याने गाण्यांचा क्रम नेमका उलटा केलेली आवृत्तीही काढली. दोन्ही क्रमांनी ऐकलं तर अल्बममधल्या माणसाच्या नशिबाचा अर्थ बदलतो. शफलवर, म्हणजे गाणी कुठल्याही क्रमाने वाजू दिली तर, यातलं काहीच हाती लागत नाही.

ब्रिटिश गायिका अडेलने २०२१ मध्ये आपला '३०' आला तेव्हा स्पॉटिफायला विनंती केली आणि अल्बमच्या पानावर आपोआप शफल होण्याची सोय त्यांनी काढून टाकली. तरी तुमच्या फोनवर शफल कुठेतरी चालू राहिलेलं असू शकतं. अल्बम लावण्याआधी ते बंद करा आणि दोन गाण्यांमध्ये खंड न पडण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करा. मार्विन गेसाठी तर हे आधी करायचं, मगच पहिलं गाणं लावायचं.