सांध्यांचे डाव आणि मॅटचे सांधे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात मी 40 मिलिमीटर जाडीच्या, दाते एकमेकांत अडकवून जोडायच्या, 1 मीटर चौरस अशा 9 ईव्हीए फोमच्या मॅट प्रत्येकी 1,300 रुपयांना ऑनलाइन मागवल्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या आखाड्यावरून येता-जाता लहानाचा मोठा झालेल्या माणसाने आपटी खाण्यासाठी फोम विकत घ्यावा, याचे आमच्या वडिलांना अजूनही हसू येते. त्यांच्या मते त्यासाठी देवाने तांबडी माती दिलेली आहे. पण तिसऱ्या मजल्याच्या अगाशीवर (बडोद्याबाहेरच्यांसाठी : गच्चीवर) माती चढवणे शक्य नसल्यामुळे मी आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी आठवड्यातून 3 संध्याकाळी याच मॅटवर ठोसे अडवण्याचा, पाय झाडून पाडण्याचा आणि सांध्यांच्या डावांचा सराव करतो.

पहिले काही महिने मी या मॅटची स्तुतीच करत होतो. ठोसा अडवून आत शिरण्याचा सराव कोणत्याही फरशीवर होतो. मॅटची परीक्षा होते ती स्वीपमध्ये, म्हणजे पाय झाडून पाडण्यात. ज्युदोतल्या दे-आशी-हाराईत समोरच्याचे वजन पुढच्या पावलावर पडू लागलेले असते पण पुरते पडलेले नसते, नेमक्या त्या क्षणी आपल्या तळव्याने ते पाऊल झाडायचे असते, आणि आपला पाय जमिनीला लागून घसरत गेला तरच हे साधते. मऊ गादीवर पाऊल रुतते आणि टेकलेल्या पायाचा गुडघा पिळवटतो. नुसत्या फरशीवर एकदा पडलेला माणूस दुसऱ्यांदा पडायला तयार होत नाही. ही मॅट या दोहोंच्या मधली असल्यामुळे पाठीवर पडून हात आपटल्याबरोबर मुलगी उठून ‘बाबा, आता माझी पाळी’ म्हणायची. लॉकच्या (सांधा ताणून धरण्याच्या डावाच्या) सरावात एक उणीव मात्र तेव्हाच दिसली होती. जुजी-गातामेत कोपर ताणले जात असताना सुटकेसाठी मॅटवर मारलेली थाप फोम गिळून टाकतो, म्हणून थाप जोडीदाराच्या अंगावरच मारायची, असा नियम आम्ही केला.

मग सांधे सुटू लागले. एप्रिलच्या अखेरीस मुलगी माझा पाय झाडायला गेली आणि तिच्या पायाची करंगळी दोन मॅटमधल्या फटीत अडकली. फूटपट्टी लावली, तर फट 9 मिलिमीटरची भरली. कोपर-खांद्याचे सांधे सांभाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूचे स्वतःचे सांधे 6 महिन्यांत निखळावेत, याचा मला इतका राग आला की पुढचे 3 आठवडे मी सरावापेक्षा जास्त वेळ कंपनीला ईमेल लिहिण्यात घालवला. वॉरंटी फाटण्यासाठी आहे, सैल होण्यासाठी नाही, असे उत्तर आले. मी फटीचे, फूटपट्टीचे आणि बिलाचे मिळून 14 फोटो पाठवले. त्यांनी 10 टक्के सवलतीचे कूपन पाठवले.

येथे मला माझे मत थोडे बदलावे लागते. मे महिन्यात सगळ्या मॅट सुट्या करून मोजल्या, तेव्हा पश्चिमेच्या कठड्यालगतच्या तिन्ही 98.8 सेंटिमीटर भरल्या आणि पत्र्याच्या सावलीतल्या 99.7. ईव्हीए तापून आकसतो. सगळ्या सारख्याच आकसल्या असत्या, तर दाते दात्यांत बसलेच असते. पण पारा 40 अंशांच्या वर असताना एका ओळीला दुपारभर ऊन आणि बाकीच्यांना सावली, हा पंक्तिप्रपंच मीच केला होता. तरीही ‘उन्हात ठेवू नये’ हे तीन शब्द खोक्यावर छापायला कितीशी शाई लागते, हा माझा प्रश्न कायम आहे.

शेवटी जुन्या पलंगाच्या पट्ट्यांतून सुताराने 600 रुपयांत 2.96 मीटरची चौकट करून दिली. तिची उंची मुद्दाम 30 मिलिमीटर ठेवली आहे, म्हणजे काठावर पडलेल्याचा घोटा लाकडावर आपटत नाही. सावलीतल्या मॅट तिच्यात गुडघ्याने रेटून बसवाव्या लागतात, पण आता फट 2 मिलिमीटरच्या वर जात नाही, आणि सराव संपला की सगळ्यांवर जुनी सतरंजी पडते.

उन्हातल्या तीन मॅट मात्र बदलाव्याच लागणार आहेत, आणि दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे दाते यांच्यात बसत नसल्यामुळे त्या याच कंपनीकडून मागवाव्या लागणार आहेत. कूपनची मुदत 30 जूनपर्यंत आहे.