कडप्प्याचा डॅक

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो मात्र तोच. लाकडी टेबलावर काळी चौकोनी पेटी, तिच्यावर उभा केलेला पांढरा आयपॉड, पेटीच्या पुढे निळा दिवा. खाली लिहिलंय: 'नाशिकचे एक रिटायर्ड सरकारी अधिकारी एक पीस घेऊन गेले, अतिशय समाधानी. आता शेवटचाच शिल्लक.' ते अधिकारी बहुतेक मीच. अधिकारी मी कधी नव्हतो, आणि समाधानाचं म्हणाल तर पुढे वाचा.

माझी ३१ वर्षं नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली, त्यातली बरीचशी तपासणीत. नोटेवरच्या छपाईचा उठाव बोटाला कसा लागतो, कागद हातात कसा वाजतो, हे मला अजूनही डोळे मिटून सांगता येईल. अशा माणसाला इंदिरानगरातल्या एका तिशीतल्या पोराने २७ हजारांना टोपी घातली. नातेवाइकांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. हे वाचून कळेल त्यांना.

झालं असं की माझ्या सीडी प्लेअरची लेन्स गेली. शालिमारजवळच्या दुरुस्तीवाल्याने आतलं बघून सरळ सांगितलं, "काका, हा लेझर आता मिळत नाही. दुसऱ्यातला काढून लावला तरी सहा महिने." घरात दोनशेच्या वर सीडी, १९९६ साली घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, सोनोडाइनचे स्पीकर, सगळं ठणठणीत आणि सगळं मुकं. त्यात बापूराव पलुस्करांच्या सीडी. द. वि. पलुस्कर म्हणजे आपल्या नाशिकात १९२१ साली जन्मलेला गवई, १९५५ मध्ये ऐन भरात गेला. माझ्या वडिलांनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं. आमच्या घरी रविवारची सकाळ दुसऱ्या कुणाच्या आवाजाने सुरू झालेली मला आठवत नाही.

भाचा अंबडला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तो म्हणाला, "मामा, नवा सीडी प्लेअर कशाला घेता? जुना आयपॉड घ्या, सीडी त्यात उतरवून घ्या आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडा." मोबाईल मी आधी लावून पाहिला होता. विलंबित जरा रंगात येतंय तोच गॅस एजन्सीचा मेसेज टुणकन वाजतो. आयपॉडला फोन येत नाही आणि त्याचं चाक चष्म्याशिवाय फिरवता येतं. सल्ला चांगला होता, आजही चांगलाच आहे. माझी चूक पुढची.

यातलं तांत्रिक थोडक्यात सांगतो, कारण फसवणूक नेमकी इथेच शिरते. आयपॉडला आवाज बाहेर यायला दोन वाटा. एक वरचा हेडफोनचा जॅक, तिथे आवाज चाकाने कमी-जास्त होतो. दुसरी खालच्या ३० पिनांच्या रुंद खाचेतून, तिला लाइन-आउट म्हणतात. तिथला आवाज ठरलेल्या पातळीला असतो, चाक कितीही फिरवा, फरक पडत नाही. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला दुसरी वाट बरी, कारण आवाज मग अ‍ॅम्प्लिफायरच्याच बटणाने सांभाळायचा. त्यासाठी लागते ती एक साधी वायर, एका टोकाला रुंद पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना. दोन-तीनशे रुपयांत येते.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. जाहिरातीतल्या पोराला माहीत होतं.

त्याने घरी बोलावलं. घर नीटनेटकं, आई चहा घेऊन आली, भिंतीला तानपुरा टेकवलेला. तानपुरा पाहून मी निम्मा तिथेच विरघळलो. त्याने माल दाखवला: आयपॉडचं पाचवं मॉडेल, २००५ सालचं, आतली फिरती डिस्क काढून ५१२ जीबीचं कार्ड बसवलेलं. "वुल्फसनची चिप आहे काका, नंतरच्या क्लासिकमध्ये ही मिळणार नाही." हे खरं होतं. आवाज करणारी चिप पाचव्या मॉडेलमध्ये वुल्फसन कंपनीची आणि २००७ पासूनच्या क्लासिकमध्ये सिरस लॉजिकची. ओळखायलाही सोपं, जुन्याचा पुढचा भाग प्लास्टिकचा, क्लासिकचा धातूचा. मी घरी येऊन पडताळलं, बरोबर निघालं, आणि त्याच्यावर विश्वास बसला. एक खरं सांगून तो पुढच्या तीन खोट्यांची सोय करून गेला.

पहिलं खोटं म्हणजे ती काळी पेटी. 'डॅक डॉक', किंमत ९,५००. डॅक म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप. ती आयपॉडमध्ये असतेच, पण याच्या म्हणण्याप्रमाणे ही पेटी आतली चिप बाजूला ठेवून थेट आकडे उचलते आणि स्वतःच्या भारी चिपने आवाज करते. "काका, हेडफोनचा जॅक म्हणजे सोसायटीचा नळ. हे म्हणजे थेट गंगापूर धरण!"

मग त्याने ऐकवलं. आधी हेडफोनच्या जॅकमधून, चाक साधारण अर्ध्यावर. आवाज आला, बरा होता. मग आयपॉड पेटीवर बसवला, अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाला हातही लावला नाही, आणि तीच जागा पुन्हा लावली. काय सांगू! तबला अंगावर आला. तंबोऱ्याच्या तारा मोजता येतील असं वाटलं. मी "वा" म्हणालो, आणि बहुतेक त्याच क्षणी त्याने मनात नोटा मोजल्या.

पेटीने काहीच केलं नव्हतं, आवाज फक्त मोठा झाला होता. अर्ध्यावरच्या हेडफोन जॅकसमोर लाइन-आउट जोरातच वाजणार. कानाची गंमत अशी की एकच गाणं जरासं मोठं लावलं की ते मोठं न वाटता चांगलं वाटतं, जास्त खुलं, जास्त भरीव. हाय-फाय विकणाऱ्यांची ही जुनी क्लृप्ती आहे. दोन गोष्टींची तुलना ऐकायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, आणि तोही स्वतःच्या हाताने, मोबाईलवर डेसिबल दाखवणारं फुकट अ‍ॅप लावून. समोरचा "कशाला काका एवढं" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

शिवाय पेटी हातात घेतली तर जड. चांगली दीड किलो. माझ्या हाताला हलकं-भारी कळतं हा माझा अभिमान, आणि त्याच हाताने मला बुडवलं.

आयपॉडचे १४ हजार, पेटीचे ९,५००. वर म्हणाला, "माझ्याकडे शास्त्रीयचा स्टुडिओ मास्टर संग्रह आहे, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, सगळं फ्लॅकमध्ये. तुम्ही दर्दी आहात म्हणून ३,५०० ला देतो." असला संग्रह विकणं बेकायदा, हे मला कळत होतं. तरी घेतला. इथे मला दया नको.

पैसे रोख मागितले. "यूपीआय नको काका, टॅक्सचं लफडं." मी एटीएममधून काढून आणले, सवयीने एकेक नोट उजेडात धरून पाहिली आणि मोजून दिले. माझ्या नोटा अस्सल होत्या, एवढं नमूद करतो.

खरं तर तेव्हाच एक गोष्ट खटकायला हवी होती. फ्लॅक म्हणजे दर्जा न घालवता गाणं साठवणारी फाइल. आयपॉडच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर ती वाजतच नाही, त्यासाठी रॉकबॉक्स नावाचं वेगळं सॉफ्टवेअर चढवावं लागतं. ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, हेही चालत नाही, मर्यादा ४८ ची. जो माणूस 'हे सगळं यात डायरेक्ट वाजतं' म्हणतो, त्याला एक तर माहीत नाही किंवा माझ्याबद्दल चांगलंच माहीत आहे.

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. मी माझ्या साठेक सीडी उतरवून भरल्या, साधारण २० जीबी झाले. सगळं उत्तम वाजलं. मग भाच्याने तो विकतचा संग्रह आयपॉडला चालणाऱ्या अ‍ॅपल लॉसलेस फाइलींमध्ये बदलून भरून दिला, आणखी ७० जीबी. त्या रविवारी मी कपबशी घेऊन बसलो, नवीन संग्रहातला एक राग लावला. वाजला नाही. पुढचं नाव आलं, तेही पळालं. पुढचं, त्याच्या पुढचं... मनमाडकडे जाणारी एक्स्प्रेस ओढा, खेरवाडी, सुकेणे अशी फलाटं मागे टाकत सुटते तशी पडद्यावर नावं धावत होती. चित्रं दिसत होती, मिनिटं-सेकंद दिसत होते, आवाज नाही.

भाच्याने प्लास्टिकच्या पट्टीने आयपॉड उघडला, कार्ड काढलं आणि संगणकाला लावून एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम रात्रभर चालवला. हा प्रोग्रॅम कार्ड शेवटपर्यंत भरतो आणि भरलेलं परत वाचून बघतो. सकाळी पडद्यावर लाल अक्षरं होती: ५९ जीबी ठीक, बाकी ४१७ हरवलेले. म्हणजे कार्ड ६४ चं. कार्डात एक छोटी चिप असते, 'माझ्यात एवढी जागा आहे' हे तीच सांगते. तिला खोटं बोलायला शिकवलं की संगणकही फसतो आणि आयपॉडही फसतो. फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या जागेत बसते, म्हणून नावं दिसतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. काही कार्डांत तर नवीन माल जुन्यावरच लिहिला जातो, माझ्यावर तेवढी वेळ आली नाही. 'अबाउट'मध्ये किती जीबी दिसतात याला म्हणूनच काही अर्थ नाही. मेमरी घातलेला प्लेअर जुन्यात घेताना एक रात्र मागा, पूर्ण भरा, शेवटचं गाणं लावून बघा. पैसे त्यानंतर.

कार्ड असं निघाल्यावर भाच्याची नजर पेटीकडे गेली. खालचे चार स्क्रू रबरी पायांच्या आत लपवलेले. पायच उपटले. झाकण निघालं आणि आम्ही दोघं गप्प.

आत ३० पिनांची खाच. तिच्यातून तीन बारीक तारा निघून मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटना डाग दिलेल्या. निळा दिवा, त्याला एक रेझिस्टर. संपलं. एकही चिप नाही. आणि तळाला, एम-सीलने पक्का बसवलेला, ओट्याला लावतात तो कडप्पा. एका कडेला पॉलिश, दुसरीकडे कटरचे दाते. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला उरलेला तुकडा असणार. भाचा म्हणाला, "मामा, तुमचा डॅक सापडला."

आयपॉडमधून कच्चे डिजिटल आकडे बाहेर काढायचे तर अ‍ॅपलची परवानगी असलेली चिप डॉकमध्ये लागते. वाडिया कंपनीने २००८ मध्ये तसा डॉक काढला तेव्हा हाय-फायच्या दुनियेत त्याचा गाजावाजा झाला होता, तो उगाच नव्हता. हौशी पोराच्या टेबलावर होणारं हे काम नाही. त्या पेटीतून मी महिनाभर जे ऐकलं आणि पाहुण्यांना ऐकवलं, ती आयपॉडचीच वुल्फसन होती.

राहिला संग्रह. स्पेक नावाचा एक प्रोग्रॅम गाण्याचं चित्र काढून दाखवतो, खाली खर्ज, वर तार. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीत चित्राची उंची ४८ हजार हर्ट्झपर्यंत असते. आमच्या फाइलींत रंग सोळा हजारापाशी विळीवर कापल्यासारखा थांबत होता, वरचे दोन तृतीयांश काळेकुट्ट. ही १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बरीच दाबून छोटी केलेल्या एमपीथ्रीची खूण. इंटरनेटवरची फुकट गाणी फुगवून मोठ्या डब्यात घातलेली. इथे एक सांभाळा: बापूरावांच्या काळच्या तबकड्यांत वरचे सूर मुळातच फारसे नसतात, त्यामुळे जुनं ध्वनिमुद्रण बघून कुणाला चोर ठरवू नका. आम्ही अलीकडच्या संतूरवादनाच्या फाइली उघडल्या, तिथे संशय उरला नाही.

फोन केला. "बघतो काका." दुसऱ्यांदा, "गावी आलोय काका." तिसऱ्यांदा बंद. इंदिरानगरात गेलो तर भाड्याचं घर सोडून पंधरा दिवस झाले होते. तानपुराही गेला होता. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्यांनी पावती आणि पैसे दिल्याची नोंद मागितली. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. १९३० हा नंबर ऑनलाइन पैसे काढून घेतले तर उपयोगाचा, माझे तर मीच मोजून दिले होते.

आता आयपॉडमध्ये चांगल्या दुकानातून बिल घेऊन आणलेलं कार्ड आहे, माझ्या दोनशे सीडी आहेत, आणि अडीचशे रुपयांची ती वायर. भाच्याने एकदा पाठमोरं बसवून पेटी आणि वायर आलटून पालटून दहा वेळा ऐकवली, आवाज सारखा ठेवून. पाच वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

कडप्पा हिने एम-सील खरवडून, धुऊन ओट्यावर ठेवलाय. लसूण ठेचायला बरा पडतो म्हणते.